गीता मोटा

"हे फार ओरडतंय," वासंतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या केबिनच्या भिंतीला दोन फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. एकीवर काळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत 'रक्त तपासणी' असं होतं. अक्षरं मनगटाएवढी जाड, गोल म्हणजे गोल, सरळ म्हणजे सरळ. दुसरीवर तेच शब्द राखाडी रंगात, बारीक रेघेचे, महागड्या साबणाच्या खोक्यावर शोभतील असे. तो नमुना इमारतीचं आतलं काम करणाऱ्या कंपनीनं पाठवला होता आणि वासंतीबाईंना तोच आवडला होता.

"ओरडायलाच पाहिजे, मॅडम," गीता म्हणाली. "दवाखान्यात येणारा माणूस घाबरलेला असतो. त्याच्याशी हळू बोलून काय फायदा?"

"अहो, पण हे हॉस्पिटल आहे, गीताबाई. मिठाईचं दुकान नाही."

"तुम्ही चष्मा काढून दारापर्यंत जा बरं."

वासंतीबाई हसल्या. हॉस्पिटलचा सगळा कारभार त्या बघत. जामबागेतल्या जुन्या वकील घराण्यातल्या त्या. सासरे, नवरा, दीर सगळे कोर्टातले. त्यामुळे समोरच्याला पुरावा मांडू द्यायची त्यांना सवय होती. त्यांनी खरोखरच चष्मा काढून टेबलावर ठेवला, दारापाशी गेल्या आणि वळून पाहिलं. राखाडी फळी त्यांना दिसलीच नाही. पिवळी दिसली.

"बस, बस. पटलं," त्या म्हणाल्या. "पण जबाबदारी तुमची."

"हौ, माझीच," गीता म्हणाली. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही.

कोठीच्या मागच्या गल्लीत मुजीबभाईंचा पाट्यांचा कारखाना होता. अ‍ॅक्रिलिक, पत्रा, आतून उजेड पडणारी अक्षरं, जे म्हणाल ते तिथं होई. गीता तिथं लग्नाआधीपासून होती. आयटीआयमध्ये तिनं ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. घरांचे नकाशे काढायची नोकरी मिळेल म्हणून केला होता, पण मिळाली ती ही. मुजीबभाईंचे वडील तेव्हा हयात होते. त्यांना उर्दू आणि इंग्रजी पाट्या काढणारे रंगारी भरपूर भेटत. देवनागरी आणि तेलुगू दोन्ही काढणारं कुणी मिळत नव्हतं. गीतानं पहिल्या दिवशी कंपास आणि गुण्या काढला आणि घराचा नकाशा काढावा तसा 'क' काढला. एक वर्तुळ, एक उभा खांब, उरलेलं अर्धं वर्तुळ. म्हातारे मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ये तो मकान बनाई लड़की."

ते अक्षर पुढं वाढत गेलं. क झाला, मग ख, मग सगळी बाराखडी. तेलुगू अक्षरं मुळातच गोल, ती तर तिच्या वर्तुळात आपणहून येऊन बसली. शिरोरेघ खांबाएवढीच जाड, वेलांटी म्हणजे चौथाई वर्तुळ, मात्रा म्हणजे तिरपी पट्टी. संगणक आल्यावर तिनं सगळं त्यात उतरवलं. हळूहळू ते अक्षर शहरभर पसरलं. मिठाईची दुकानं, जिम, कोचिंग क्लास, फंक्शन हॉल, जयंतीच्या मिरवणुकीतले मोठे फलक. मलकपेठेतून बस वळली की एका रांगेत तिच्या हातची पाच-सहा दुकानं लागायची. तिनं त्या अक्षराला कधी नाव दिलं नव्हतं. कारागिरांनीच दिलं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मुजीबभाई आत वळून ओरडत, "अरे, इनकू गीता-मोटा में दिखाओ!" आणि गिऱ्हाईक गप्प होई.

गीताला ते नाव आवडायचं. ती स्वतः काही मोटी नव्हती. चांगली उंच, सडपातळ, पन्नाशीला टेकलेली बाई. नवरा दौलत रेल्वेत होता, मुलगी प्रिया बँकेत लागली होती, घर मलकपेठेत स्वतःचं होतं. तिला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती 'पाट्या बनवते' असं म्हणत नसे. "अक्षर काढते," म्हणायची.

पण या हॉस्पिटलचं काम हाती घेताना तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं वासंतीबाईंना सांगितली नाही.

तिची आई कोंडाबाई याच हॉस्पिटलमध्ये आया होती. नवी इमारत उठायच्या आधी तिथं बसकी, दगडी बांधणीची जुनी इमारत होती, तिच्या वऱ्हांड्यांतून कोंडाबाईचा जन्म गेला. नांदेडहून, देगलूरहून, उदगीरहून माणसं रात्रीच्या गाडीनं यायची, सकाळी हॉस्पिटलच्या दारात उभी राहायची. तेलुगू येत नाही, उर्दू अर्धी कळते, हातात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी. कुठून तरी कोंडाबाईचा आवाज कानावर पडे, "अगं सरक, फरशी वली हाय," आणि त्या माणसांच्या जिवात जीव येई. मग ती माणसं वाट विचारत आणि कोंडाबाई झाडू भिंतीला लावून त्यांना सांगे. डावं-उजवं ती कधी सांगत नसे. "घाबरल्या मानसाला डावं-उजवं ध्यानात राहत न्हाई," ती म्हणायची. "मी सांगायची, पायाला थंड फरशी लागली की थांबा. तितं इचारा."

कोंडाबाई आता घरीच असे. एका डोळ्याची नजर काचबिंदूनं नेली होती, दुसऱ्याला कडेकडेचं दिसत नव्हतं. जुनी इमारत पाडली तेव्हा ती बघायला गेली नाही. पाट्यांचं काम गीताला मिळालं हे कळल्यावर मात्र तिनं एकच प्रश्न केला.

"मराटीत बी हायेत का पाट्या?"

"हायेत की, माय. वासंती मॅडमनीच सांगितलं. तिकडनं येणारे लोक लई हायेत म्हणून."

"मंग चांगल्या मोठ्या कर," कोंडाबाई म्हणाली.

गीतानं केल्या. तेलुगू, इंग्रजी आणि मराठी तिनं काढलं. उर्दू मुजीबभाईंच्या मेव्हण्यानं. अक्षरांच्या आतून उजेड पडेल अशी सोय केली. ज्या दिवशी सगळ्या मजल्यांवरचे दिवे एकदम लागले, त्या दिवशी मुजीबभाई कॉरिडॉरच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"क्या तो बी दिखते, आपा," ते म्हणाले. "अंधा बी पढ़ लेता."

गीतानं फोनवर फोटो काढले आणि प्रियाला पाठवले. त्या रात्री ती शांत झोपली.

फोन आला तो पुढच्याच आठवड्यात. वासंतीबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून गीताला आधी काही कळलं नाही.

"गीताबाई, जरा येऊन जाता का? एक पेशंट पडले आहेत जिन्यात. तुमच्या पाटीमुळे पडले असं मी म्हणत नाही. पण तुम्ही येऊन त्यांच्या घरच्यांशी बोला असं मला वाटतं."

पेशंट होते हणमंतराव. देगलूरकडचे, सत्तरीतले शेतकरी, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले. साखरेचा आजार आणि पोटात रात्रीपासून काही नाही. खालच्या काउंटरवर त्यांना सांगितलं, दुसऱ्या मजल्यावर जा, भूल तपासणी करून या, मग ऑपरेशन. हणमंतरावांना वाचता येत नव्हतं. वाचत होत्या त्या त्यांच्या बायको, सावित्रीबाई. दोघं दुसऱ्या मजल्यावर गेले, त्या दारावरून गेले, परत आले, परत गेले. मग तिसऱ्या मजल्यावर असेल म्हणून जिना चढले, तिथं नाही म्हणून उतरायला लागले, आणि उतरताना हणमंतरावांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कपाळाला टाके पडले. ऑपरेशन पुढं ढकललं.

गीता वॉर्डात गेली तेव्हा ते झोपले होते. कपाळाला पट्टी, हाताला सलाइन. सावित्रीबाई पायाशी स्टुलावर बसल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, बारीक चणीच्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेल्या.

"मावशी, मी पाट्या काढल्यात इथल्या," गीता म्हणाली. "तुम्हाला ते दार सापडलं नाही, ते कसं झालं सांगता का मला?"

सावित्रीबाई लगेच उभ्या राहिल्या, जशी कुणी साहेबीणच आली.

"न्हाई वो बाई, पाटीचं काय न्हाई. माजंच चुकलं. मी चौथीपतूर शिकलेली. आता वाचनं ऱ्हायलंय कुटं? म्या वाचलं, मूल तपासनी. म्हनलं, हे लेकराबाळाचं हाय. आपलं न्हाई. म्हनून फुडं गेलो. दोनदा वाचलं बाई म्या, दोन्ही बारीला मूलच वाचलं. मलाच वाचता येत न्हाई नीट, त्याला कोन काय करनार?"

गीता तिथूनच जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर गेली. कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहिली, जिथून पेशंट येतात तिथं, आणि वर पाहिलं.

पिवळ्या उजेडात 'मूल तपासणी' लिहिलेलं होतं.

ती चार पावलं पुढं गेली. अजून 'मूल'च. आणखी पुढं गेल्यावर, अगदी दारापाशी, भ च्या डोक्यावरची फट दिसायला लागली. म आणि भ यांत फरक असतो तो तेवढाच. म ची शिरोरेघ सलग, भ ची डावीकडे तुटलेली, आणि तिथं एक छोटी गाठ. तिनं काढलेली फट होती, कागदावर होती, कारखान्यातल्या टेबलावर नीट दिसत होती. पण अक्षर इतकं जाड होतं की फटीला जागाच उरली नव्हती. आणि आतला दिवा लागला की उजेड दोन्ही बाजूंनी सांडून तेवढी जागाही भरून टाकत होता.

तिनं सगळे मजले फिरून पाहिले. 'घसा' लांबून 'यसा' दिसत होता. 'क्ष-किरण' मधला क्ष म्हणजे नुसता पिवळा ठोकळा. दुकानाच्या पाटीवर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. मिठाईच्या दुकानात खाली मिठाई ठेवलेली असते. पाटी अर्धी वाचली तरी चालतं. इथं पाटीखाली नुसतं बंद दार होतं.

ती पुन्हा वॉर्डात गेली. सावित्रीबाई तशाच बसल्या होत्या.

"मावशी," गीता म्हणाली, "तुम्ही बरोबर वाचलं. तिथं मूलच दिसतं. मी आत्ता बघून आले. चूक माझी आहे, तुमची नाही."

सावित्रीबाईंना ते लगेच खरं वाटलं नाही. त्यांनी गीताच्या तोंडाकडे पाहिलं, मग पलंगावरच्या नवऱ्याकडे.

"खरंच मूल हाय तितं?"

"खरंच."

"म्हंजी मला येतंय वाचता," सावित्रीबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीवरची पकड जरा सैल झाली. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "पन बाई, ह्यांचं डोकं फुटलं ना त्याच्यापायी."

"हो," गीता म्हणाली. ती स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसून राहिली, हणमंतरावांना जाग येईपर्यंत.

वासंतीबाईंनी चष्म्याची गोष्ट काढली नाही. काढली असती तर गीताला बरं वाटलं असतं.

"एखादा कागद चिकटवू या का त्या दारावर?" त्यांनी विचारलं.

"एक दार नाही मॅडम, पुष्कळ आहेत. सगळ्या मराठी पाट्या उतरवते मी."

"आणि मग? ती बारीक अक्षरं घ्यायची का आता?"

"नाही," गीता म्हणाली. "ती लांबून दिसतच नाहीत, तुम्ही बघितलंय. अक्षर जाडच राहील. मी मोकळं करून आणते."

"आणि परत कुणी पडलं तर?"

"तर तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगीन, दुसऱ्याला द्या म्हणून. पण तसं होणार नाही."

वासंतीबाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "बरं," त्या म्हणाल्या. "पण या वेळी माझ्या केबिनमध्ये नमुना दाखवू नका. जिथं लावायचा तिथं दाखवा."

कारखान्यात मुजीबभाईंना ते पटेना.

"उतारना कैकू, आपा? एक-दो अक्षर का तो मामला है. काला स्टिकर मार देंगे, फट दिखने लगती."

"नक्को, भाई. स्टिकर गळून पडला की परत मूल."

"तुम्हारा अक्षर है. पूरे शहर में चल रहा. आज तक कोई कुछ बोला?"

"दुकानात चाललं. इथं नाही चाललं."

मुजीबभाईंनी पान तोंडातल्या या गालातून त्या गालात घेतलं. वडिलांच्या वेळेपासून ते गीताला ओळखत होते. "हौ," ते म्हणाले, "उतारते तो उतारते," आणि शिडी गाडीत टाकायला सांगितली.

नव्या पाट्या होईपर्यंत गीतानं पांढऱ्या पुठ्ठ्यांवर काळ्या मार्करनं स्वतः लिहिलं. शाळेत फळ्यावर लिहितात तसं साधं, मोकळं, भ ची फट चांगली रुंद. ते पुठ्ठे दारांवर लागले आणि लोक बिनघोर वाचायला लागले. तिनं ते पाहिलं आणि तिला हसूही आलं आणि रागही.

घरी ती संगणकापुढं बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती आजवर काय करत आली होती. प्रत्येक अक्षर त्याच वर्तुळात बसलं पाहिजे, प्रत्येक रेघ तेवढीच जाड असली पाहिजे, हा तिचा हट्ट. त्याच हट्टानं तिचं अक्षर इतकं देखणं झालं होतं. भ ला जास्त जागा द्यायची तर वर्तुळ मोडावं लागत होतं. तिनं फट रुंद केली, गाठ चपटी झाली. गाठ गोल ठेवली, खांब बाहेर गेला. दोनचार दिवस तिनं वर्तुळ वाचवायचा प्रयत्न केला. स्वयंपाक दौलतनं केला, प्रियानं डबे भरले.

मग एका रविवारी सकाळी तिनं कारखान्यातून मोठ्या कागदांवर अक्षरं छापून आणली आणि समोरच्या घराच्या कंपाउंडवर चिकटवली. समोरचे रेड्डीगारू भले माणूस. त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. गल्लीच्या या कडेला, आपल्या दारापाशी, कोंडाबाईला त्या खुर्चीवर बसवलं.

"वाच, माय."

कोंडाबाईनं मान तिरकी केली. तिच्या उरलेल्या नजरेला समोरचं तेवढं दिसायचं, तेही धूसर. साक्षरता वर्गात जायला लागली तेव्हा ती चाळिशीच्या पुढं होती, आणि गीता दहावीला. दोघी एकाच बल्बखाली अभ्यास करायच्या.

"म," कोंडाबाई म्हणाली.

"आणि हा?"

"ह्यो बी म."

"हा भ हाय, माय."

"तुझ्या घरचा भ असंल. मला म दिसतोय."

प्रिया दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिची शाळा इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी. मराठी ती बोलायची भरपूर, वाचायची अडखळत. "मम्मी, मला पण सेमच दिसतंय," ती म्हणाली. "शुअर नाही, पण म वाटतोय."

गीतानं दुसरा कागद लावला, तिसरा लावला. रेड्डीगारूंना देवनागरी येत नव्हती, तरी ते मधूनमधून "हा वेगळा आहे" असं तेलुगूत सांगत होते. ऊन चढायला लागलं. एका कागदापाशी कोंडाबाई थांबली.

"आमाला वर्गात बाईनं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "म च्या घराला छप्पर हाय. भ च्या घराचं छप्पर फुटलंय, आतून आभाळ दिसतं. आभाळ दिसलं की भ. तू आभाळच ठिवलं न्हाईस, गीते."

"ठेवलं की, माय. बारीक आहे."

"बारीक काय कामाचं? मानूस आत जाईल एवढं ठिव."

गीता हसली. मग हसायची थांबली. ती कागद घेऊन आत गेली आणि तिनं वर्तुळ सोडलं. भ ची गाठ तिनं खाली ओढली, खांबापासून लांब नेली, शिरोरेघ डावीकडून निम्मी कापून टाकली. वर्तुळ उरलं नाही. एका बाजूला दाबल्यासारखं काहीतरी उरलं. सुटं बघितलं तर ओबडधोबड. तिनं तसंच घ चं केलं, मग क्ष चं. मग सगळ्याच अक्षरांच्या आतल्या जागा मोठ्या केल्या आणि आडव्या रेघा किंचित बारीक केल्या. जाडी उभ्या खांबांत ठेवली. पुढच्या रविवारी कोंडाबाई खुर्चीवर बसली आणि पहिल्याच कागदाला म्हणाली, "भ." दुसऱ्या कागदाला म्हणाली, "घ. घराचा." प्रियानं तर टाळीच वाजवली.

या वेळी तिनं आधी एकच पाटी लावली, दुसऱ्या मजल्यावर, दिवा पेटवून. वासंतीबाई कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या राहिल्या. त्यांनी आपणहून चष्मा काढला.

"भूल तपासणी," त्यांनी वाचलं. चष्मा परत घातला, पाटीपर्यंत चालत गेल्या आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या. "पहिल्याइतकं छान नाही दिसत," त्या म्हणाल्या.

"नाही," गीता म्हणाली. "पण वाचता येतं."

"हो. वाचता येतं."

दुकानांसाठी जुनंच अक्षर राहिलं. लोक तेच मागत आणि गीता तेच देई. मिठाईला ते शोभूनही दिसे. नव्या अक्षराला मुजीबभाईंनी काही नाव ठेवायचा प्रयत्न केला, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. हणमंतरावांचं ऑपरेशन झालं. सावित्रीबाई जाताना कारखान्याचा पत्ता विचारत आल्या नाहीत की काही नाही. घरी गेल्या, एवढंच वॉर्डातल्या सिस्टरनं गीताला सांगितलं.

सगळ्या पाट्या लागल्यावर कोंडाबाई म्हणाली, "मला बघायचंय."

गीतानं तिला रिक्षानं नेलं. नव्या इमारतीचं काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा कोंडाबाई एक पाऊल मागं सरकली, मग आत आली. तिनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. खालच्या मजल्यावर, जिथं तीन बाजूंनी कॉरिडॉर येऊन मिळत होते, तिथं ती थांबली. कुणी न सांगता भिंतीच्या कडेला, येणाऱ्या माणसाच्या समोर. अशाच जागी ती जन्मभर उभी राहिली होती. गीतानं तिला पाट्या दाखवल्या, एकेक करून. कोंडाबाईनं ज्या दिसल्या त्या वाचल्या.

तेवढ्यात दारातून एक कुटुंब आलं. तरुण बाई, कडेवर मूल, मागं तिची सासू आणि बॅग घेतलेला नवरा. बाई नवऱ्याला म्हणत होती, "तुम्ही त्या काउंटरवर इचारलं का न्हाई?" नांदेडकडची बोली. कोंडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

"कुटं जायचंय, बाई?" तिनं हात वर करून विचारलं.

त्या बाईनं वर पाहिलं, कोंडाबाईच्या डोक्यावरून, पाटीकडं.

"हे काय, घसा अन् कान. हिकडंच हाय, आजी," ती म्हणाली आणि चालत राहिली. सासू आणि नवरा तिच्या मागोमाग गेले.

कोंडाबाईचा हात तसाच होता. तिनं तो खाली घेतला. ती माणसं वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडंच बघत होती, म्हणजे आवाज ऐकत होती.

"वाचलं की गं तिनं," ती म्हणाली.

"हो, माय."

"एका दमात वाचलं."

मग ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. माणसं येत होती, जात होती. कुणी थांबलं नाही. गीतानं तिला बाकावर बसायचं का विचारलं, तर ती नको म्हणाली.

"चल, घरी जाऊ," कोंडाबाई म्हणाली. ती वळली, दोन पावलं गेली आणि घुटमळली. तिकडं पूर्वी दगडी पायऱ्या होत्या आणि पलीकडं चिंचेखालचं फाटक. आता तिथं लिफ्ट होती. ती दुसऱ्या बाजूला वळली. तिथंही भिंत.

"गीते," ती म्हणाली, "भायेर कुनीकडून जायचं?"

गीतानं तिचा हात धरायला आपला हात पुढं केला, आणि मग तो मागं घेतला.

"वर बघ, माय."

कोंडाबाईनं मान वर केली, तिरकी केली. डोळा बारीक करून ती पाटीकडं बघत राहिली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग ती एक पाऊल जवळ गेली.

"बा," ती म्हणाली. "हे. र."

पाटीवरच्या बाणाकडं तिनं एकदा नीट पाहून घेतलं, पदर खांद्यावर ओढला आणि गीताची वाट न बघता त्या बाजूला चालायला लागली.